बरं हाय न्हवं, आण्णा?

1 एप्रिल 2022. आजपासून राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले आहेत. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सकाळची पाळी भरते आहे. फाउंड्रीच्या फाटकाशी दुचाक्यांची गर्दी आहे, जळक्या वाळूचा वास रस्त्यापर्यंत येतो आहे. उद्या पाडवा. चहाच्या टपरीवर पोरं मोकळ्या तोंडानं हसताहेत.

बाकड्याच्या टोकाला आण्णा बसले आहेत. उभा जन्म मोल्डिंग खात्यात गेला. मनगटावर ओतकामातल्या ठिणग्यांचे जुने डाग आहेत. ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये. त्यांना मिळते ती त्याच्या आसपासच. बायको दुसऱ्या लाटेत गेली. टाळेबंदीत लेक घरी होता, नातू मांडीवर होता. आता लेक पाळीला, सून कामाला, नातू शाळेला.

"बरं हाय न्हवं, आण्णा?" गाडीवरूनच एक जण विचारतो.

"हाय की."

गाडी फाटकात शिरते. टपरीवाला स्टोव्ह बारीक करतो आणि आण्णांना खेटून बसतो.

"परवा म्हणालासा, आता जगून काय करायचं. जिवाचं काय बरंवाईट करावं वाटतंय का?"

आण्णांच्या हातातली बशी खडखडते. "वाटतंय कवाकवा. रातीचं."

"पोराला सांगितलंय?"

"त्येला कशाला घोर."

टपरीवाला तिथूनच फोन लावतो. "आण्णांजवळ बसलोय. तू ये, तवर मी हलत न्हाई."

लेक कामाच्या कपड्यांतच धावत येतो. बाप काही बोलत नाही, पण लेकाचा हात सोडत नाही. दोघं सीपीआर रुग्णालयात, मनाच्या डॉक्टरांकडं निघतात.

हाँगकाँगमध्ये 2003 साली सार्सच्या साथीत पासष्टीपुढच्यांच्या आत्महत्या वाढल्या. साथ गेली, तरी 2004 मध्ये ते प्रमाण पूर्वीच्या पातळीवर आलं नाही. साथीनं नेलेली माणसं निर्बंध उठले म्हणून परत येत नाहीत. बाकीचे कामाला लागतात आणि म्हातारं माणूस घरात एकटं पडतं.

आत्महत्येबद्दल थेट विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं करायला वाट मिळते. तेव्हा गाडी थांबवून विचारा, उत्तर ऐकायला बसा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक आता चोवीस तास सुरू असतो. ज्येष्ठांसाठी 14567 ही वेगळी हेल्पलाइन आहे. दोन्ही मोफत आहेत.