आपली पिकअप का थांबवली?



मागच्या तिमाहीत मिशनची जुनी पिकअप काही दिवस उभी होती. धडगाव भागातल्या वसतिगृहाचे धान्य भाड्याच्या गाडीने न्यावे लागले. “गाडी चालत होती, मग थांबवली कशाला?” असे काहींनी आपुलकीने विचारले. दुरुस्तीचा खर्च आपल्या दानातून झाला, म्हणून त्याचे कारण सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पिकअपच्या मागच्या बाजूचा भार पाट्यांवर असतो. पाटा म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. तिचे पुढचे टोक चासीवरच्या ब्रॅकेटमध्ये पिनेने अडकवलेले असते. मागचे टोक शॅकल या झुलत्या जोडावर असते, कारण भाराने दबल्यावर पाट्याची लांबी वाढते आणि त्याला सरकायला जागा लागते. मागचा एक्सल जागेवर राहतो तो या ब्रॅकेटच्या जोरावर. ब्रॅकेट तुटला तर एक्सल तिरका होतो आणि गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही. चांदसैली घाटाच्या वळणांवर असे झाले तर काय होईल, याची कल्पना करवत नाही.

सातपुड्यातल्या पावसाळ्यात चिखल ब्रॅकेट आणि चासीच्या फटीत जाऊन बसतो. बाहेरून तो वाळतो, आत ओल राहते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्रे हळूहळू एकमेकांपासून फाकतात आणि रिबिटा ढिल्या होतात. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. आपली गाडी डाव्या बाजूला बसली होती आणि ब्रेक मारला की ओढत होती. मिस्त्रींनी हातोडीने ठोकून पाहिले. चांगले लोखंड खणखणते. इथे आवाज बद्द आला आणि स्क्रूड्रायव्हर सरळ आत गेला.

“वेल्डिंग मारून घ्या, दोन तासांत काम होईल,” असाही सल्ला मिळाला. पण गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, आणि चुकीच्या जागी उष्णता दिली तर चासी कमजोर होते. म्हणून ब्रॅकेट बदलायचे ठरले. सपाट, टणक जागेवर पुढच्या चाकांना अडण लावली. चासीखाली भक्कम घोड्या ठेवल्या, एक्सलला वेगळा जॅक दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवलेले यू-बोल्ट काढले. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, म्हणून डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइप झाकून मगच रिबिटांची डोकी कापली. चासी खरवडून तिचे लोखंड तपासले. तेच पातळ झाले असते, तर नव्या ब्रॅकेटचा काही उपयोग नव्हता. ते मजबूत निघाले, देवाची स्तुती असो! रेड ऑक्साइड लावून, उच्च ताकदीच्या नटबोल्टांनी दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट बसवले. बुश आणि यू-बोल्टही नवे घातले. पिना शेवटी आवळल्या, त्याही गाडी चाकांवर उभी केल्यावर. नाहीतर रबरी बुश पिळला जाऊन लवकर फाटतो. थोडे अंतर चालवून यू-बोल्ट पुन्हा तपासले.

नहेम्याच्या पुस्तकातला तिसरा अध्याय आपण बहुधा भरभर वाचून पुढे जातो. यरुशलेमच्या तटाचा कोणता भाग कोणी दुरुस्त केला, याची ती यादी आहे. त्यात उकिरड्याची वेस दुरुस्त करणाऱ्याचेही नाव आहे. गाडीखाली चिखलात झोपून केलेले काम कोणाच्या छायाचित्रात येत नाही. तरी त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.

आपल्या मंडळीची जुनी गाडी असेल, तर पावसाळा संपताच तिचा खालचा भाग पाण्याने धुऊन घ्या आणि मिस्त्रीकडून पाट्यांचे ब्रॅकेट ठोकून पाहा. आपली पिकअप पुन्हा घाट चढू लागली आहे. चालकबंधूंसाठी आणि त्या वाटेवरच्या सर्वांसाठी प्रार्थना करीत राहा.