घाट, बॅटरी आणि शॉकअप

तिलारी घाट प्रवाशांसाठी कापलेलाच नव्हता. पाण्यावर वीज करणाऱ्या तिलारी प्रकल्पाच्या कामासाठी तो झाला. कोदाळी–तिलारीनगरच्या पठारावरून रस्ता दोडामार्गाकडे अक्षरशः कोसळतो. चढ खडा, वळणं आखूड, रुंदी बेताची. बेळगाव आणि चंदगडच्या लोकांना गोवा जवळ पडतो म्हणून सगळी वाहतूक हळूहळू या वाटेला लागली, आणि २०२४ च्या पावसाळ्यात अखेर जड वाहनांना इथे बंदी करावी लागली. वीज करण्यासाठी काढलेल्या घाटातून आता विजेवरच्या मोटारी उतरतात, ही गंमत आहेच. पण या मोटारींचे मालक चंदगड, बेळगाव, गडहिंग्लजच्या गॅरेजांत जी तक्रार घेऊन येतात, ती गमतीची नाही. सरळ रस्त्यावर गाडी झक्क पळते, घाटात मात्र झुलते. खड्ड्यात दण्णकन आदळते, लगेच उसळते. मग प्रश्न येतो : सस्पेन्शन बदलू का, आणि काय बसवू?

बाजारात उत्तरं तयार असतात. सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे स्प्रिंगच्या वेटोळ्यांत कोंबायचा रबरी बफर. त्याच्या वरचं म्हणजे आखूड आणि कडक स्प्रिंगा, ज्यांनी गाडी खाली बसते आणि रुबाबदार दिसते. सगळ्यात महाग म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा अख्खा संच. माझं मत आधीच सांगून टाकतो. चंदगडसारख्या मुलखात यांतली पहिली दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि तिसरं बहुतेकांना लागत नाही. घाटात गाडी सांभाळण्याचं खरं काम ज्याच्याकडे आहे तो शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, या चर्चेत सगळ्यात शेवटी येतो.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. ट्रकच्या पाट्यांपासून मोटारीच्या वेटोळ्यापर्यंत सगळ्या स्प्रिंगांचा स्वभाव एकच : दाबली की जोर साठवते आणि तेवढ्याच जोराने परत फेकते. ती एकटी असती तर एका खड्ड्यानंतर गाडी फर्लांगभर पाळण्यासारखी हलत राहिली असती. हा साठवलेला जोर गिळायला शॉकअप लागतो. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं. ते सहजासहजी जात नाही, त्या ओढाताणीत हालचालीची उष्णता होते आणि हलणं थांबतं. चाक वर येतानाच्या झडपा वेगळ्या, खाली जातानाच्या वेगळ्या. शॉकअप चांगला की वाईट, हे या झडपांच्या जुळणीत ठरतं. नळकांड्याच्या रंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हे यंत्र आजच्या रूपाला यायला अर्धं शतक लागलं. मोटारी आल्या तेव्हा घोडागाडीचेच पाटे त्यांना होते, आणि पाट्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासत तेवढंच काय ते दमन, म्हणजे हलणं आवरणं. अमेरिकेत क्लॉड फॉस्टर यांच्या गॅब्रिएल कंपनीने पट्ट्याचा ‘स्नबर’ विकला, फ्रान्सचे मोरिस हुडे यांनी तेलावर चालणारा फिरता दमक केला. त्यानंतर आलं नळकांडं. पण खडबडीत रस्त्यावर दट्ट्या सतत घुसळत राहिला की तेलाला फेस येतो, आणि फेसाळलेलं तेल भोकांतून विनासायास निघून जातं. गाडी मोकाट सुटते. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्याच क्रिश्चन बूर्सिए द कार्बों यांनी एका नळीत दाबलेला वायू आणि तेल वेगवेगळं ठेवून यावर उपाय काढला. आज दुकानात ‘गॅसचा शॉकअप’ मागतात, त्याचं मूळ तिथे आहे.

अमेरिकेतलं तेच गॅब्रिएल नाव महाराष्ट्रात आलं १९६१ मध्ये. दीप आनंद यांनी मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडियाचा कारखाना काढला. पुढे नाशिक आणि चाकणलाही कंपनीचे कारखाने झाले. मोटारसायकलीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत शॉकअप बनवणारी ही कंपनी आपल्याकडे इतकी रुळली, की गावाकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गिऱ्हाईक शॉकअपऐवजी ‘गॅब्रिएल द्या’ म्हणतं. तरीही चंदगडच्या वाटांवर वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपगाड्या माणसं आणि पोती घेऊन धावायच्या तेव्हा मागच्या पाट्याला एक जादा पट्टी घालणं हा सर्रास उपाय होता. ओझं वाढलं, पाटा वाढवला. शॉकअप मेला तरी कुणी विचारत नसे, कारण वेग कमी आणि पट्ट्यांचं घर्षण भरपूर. ‘ओझं वाढलं की स्प्रिंग कडक करा’ ही समजूत तिथून आली, आणि आज तीच इलेक्ट्रिक गाडीच्या डोक्यावर बसते आहे.

इलेक्ट्रिक गाडीचं ओझं किती वाढतं? जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही घ्या, पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी. पेट्रोलची नेक्सॉन सव्वाबाराशे किलोंच्या आसपास, तर ही सुमारे १४०० किलो. बॅटरी मोठी होत जाईल तसा हा फरक तीनशे किलोंवरही जातो. बॅटरी तळाशी असल्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, म्हणून वळणावर ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी कलते. जाहिरातीत एवढंच सांगतात, आणि ते खरंही आहे. पण कलणं वेगळं आणि उसळणं वेगळं. उसळताना गुरुत्वमध्य खाली असल्याचा उपयोग नाही, तिथे निव्वळ वजन मोजलं जातं.

थोडं गणित. बहुतेक मोटारींचं शरीर स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली होतं. माणसाच्या पोटाला हीच चाल मानवते. त्याच स्प्रिंगवर वजन बाराशेचं पंधराशे केलं, तर ही चाल सुमारे दहा टक्क्यांनी मंदावते आणि गाडी तरंगायला लागते. म्हणून कारखाना इलेक्ट्रिक गाडीला स्प्रिंग कडक देतो आणि तिच्या जोडीला शॉकअपही तसाच ठरवतो. पेट्रोलच्या गाडीचा शॉकअप बोल्टाला बोल्ट जुळला तरी बसवू नये तो यासाठी. आता मालकाने रबरी बफर कोंबला असं समजा. सहा वेटोळ्यांतलं एक निकामी झालं, की उरलेल्या पाचांची स्प्रिंग वीस टक्के जास्त कडक होते. उंची थोडी वाढते, मालक खूश होतो. पण शॉकअप तोच राहिला. वाढलेला जोर त्याला आवरत नाही, आणि खड्ड्यातून निघालेलं चाक परत रस्त्यावर टेकायला उशीर लागतो. तेवढा वेळ त्या चाकाला रस्ताच नसतो. तिलारीच्या ओल्या वळणावर नेमकं हेच नको असतं.

गाडी खाली बसवण्याचं प्रकरण याहून घातक. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची जमिनीपासूनची उंची २०५ मिलिमीटर आहे. आखूड स्प्रिंगांनी त्यातले तीस गेले, की पारगडाकडच्या किंवा एखाद्या वाडीवरच्या जांभ्याच्या रस्त्यावर खाली घासायला काय उरलं? पेट्रोलच्या गाडीचं चेंबर फुटलं तर तेल सांडतं, इथे खाली बॅटरीची पेटी आहे. आणि ज्यासाठी हा उद्योग केला, ते वळणावरचं सांभाळणं तरी सुधारतं का? पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचं असतं : एक लोअर आर्म आणि वर उभा स्ट्रट. गाडी फार खाली आणली की लोअर आर्म उलट्या दिशेने कलतो. ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. म्हणजे गाडी बुटकी होऊनही कलण्याची तरफ लांबते. वर स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बिघडतो आणि खड्डा लागला की चाक स्वतःहून वळू पाहतं. हे खोटं वाटत असेल त्याने अशा गाडीचं स्टिअरिंग आंबोलीच्या रस्त्यावर हातात धरून पाहावं.

गुळगुळीत ट्रॅकवर कडकपणा शोभतो. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर ज्या कार्ट पळतात, त्यांना तर स्प्रिंगच नसते. सांगाडाच पिळवटतो आणि चाकं जमिनीला धरून ठेवतो. तिथे ते चालतं, कारण तिथे खड्डा नाही. चंदगडला पाऊस ज्या प्रमाणात पडतो, त्यात डांबर किती टिकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथलं ‘चांगलं हँडलिंग’ म्हणजे चाक रस्ता न सोडणं. त्याला लागतो लांब आणि मोकळा प्रवास असलेला, पण उसळी आवरणारा शॉकअप.

म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी टायर बघावेत. लांब पल्ला दाखवण्यासाठी कंपन्या कमी घर्षणाचे टायर देतात. त्यांनी युनिटं वाचतात, पण असे काही टायर ओल्या रस्त्यावर कमी धरतात. हवा कंपनीने लिहिलेलीच असावी. ‘गाडी जड आहे, चार पॉइंट जास्त मारू’ म्हणणाऱ्या पंक्चरवाल्याला नम्रपणे थांबवावं. मग लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, स्ट्रटचं वरचं माउंटिंग. यांतलं एक जरी खुळखुळं असलं तरी नव्या शॉकअपचे पैसे पाण्यात. आणि मग शॉकअप, जोडीनेच, त्या गाडीच्या वजनाला जुळणारा. स्प्रिंग कंपनीचीच राहू द्यावी. सगळं झालं की अलाइनमेंट. वळणावरचं कलणं रोखणारा अँटी-रोल बार जाड करण्याचा मोह मागच्या बाजूला तसाही फुकट जातो, कारण नेक्सॉनसारख्या गाडीची मागची ट्विस्ट बीम स्वतःच पिळवटून ते काम करत असते.

घाट उतरताना इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक पाहुणा असतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर जनित्र होते, गाडी रोखते आणि वीज परत बॅटरीत भरते. सोळाशे किलोंची भरलेली गाडी सहाशे मीटर खाली उतरली तर उंचीत साठलेली ऊर्जा अडीच युनिटांहून थोडी जास्त होते. सगळी परत मिळत नाही, पण ब्रेक वाचतात. हे रोखणं मात्र चारही चाकांवर नसतं. नेक्सॉनमध्ये ते फक्त पुढच्या चाकांवर, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत फक्त मागच्या. ओल्या वळणाच्या मध्यावर पाय झटक्यात उचलला तर सगळा भार पुढे येतो आणि मागची चाकं हलकी होतात. त्यात रोखणंही मागेच असेल तर शेपूट सुटू बघते. गाडीतलं स्थिरता राखणारं यंत्र सावरतं, पण उसळणाऱ्या चाकाला तेही काय सावरणार? वळणाआधी वेग उतरवावा, रोखण्याची पातळी कमी ठेवावी. आणि घाटमाथ्यावरच बॅटरी शंभर टक्के भरून लगेच उतरायला लागू नये. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते, मग मोटर रोखत नाही आणि नेहमीच्या सवयीने पाय उचलणारा दचकतो.

नव्या गाड्यांनी यातलं बरंच कारखान्यातच सोडवायला घेतलं आहे. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेली बीई ६ चाकणला बनते. तिला मागे पाच दांड्यांचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, आणि वरच्या प्रकारांत रस्ता बघून स्वतःला बदलणारे शॉकअप. जून २०२५ मध्ये आलेल्या टाटा हॅरियर ईव्हीत हालचालीच्या वारंवारतेनुसार सैल किंवा घट्ट होणारा शॉकअप दिला आहे. बारीक थरथरीला मऊ, संथ झुलण्याला ताठ. नेदरलंड्सच्या कोनी कंपनीने ही कल्पना फार आधी बाजारात आणली होती. आता ती पुण्यात बनलेल्या गाडीत येते, याचं मला कौतुक आहे. फक्त असा शॉकअप चार-पाच पावसाळ्यांनी गळायला लागला, की गावातल्या मेस्त्रीला तो दुरुस्त करता येणार नाही. पूर्वी नळकांडं उघडून सील बदलून देणारे हात होते. ती कला चालली आहे.

कायद्याचाही एक कोपरा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम सक्त लावलं. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा चांगला शॉकअप बसवणं ही दुरुस्ती झाली. गाडीची उंची आणि ठेवण बदलणं हा वेगळाच विषय, आणि अपघातानंतर विम्याचा माणूस तो विषय नक्की काढतो.

कोल्हापूरकरांना या सगळ्यात स्वतःचा एक स्वार्थ दिसायला हवा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्या मोठ्या प्रमाणात इंजिनाच्या भागांवर जगल्या : सिलिंडर हेड, ब्लॉक, पिस्टनभोवतीचा सगळा पसारा. इलेक्ट्रिक गाडीत हे काहीच लागत नाही. पण चाक धरणारा नकल, कंट्रोल आर्म, ब्रेकची डिस्क आणि ब्रॅकेटं तिलाही लागतात. वजन वाढल्यामुळे ती आधीपेक्षा मजबूत आणि तरीही हलकी हवी असतात, कारण स्प्रिंगच्या खालचा प्रत्येक किलो शॉकअपला भारी पडतो. मजबूत आणि हलकं एकाच वेळी ओतणं हे ओतारीचं सगळ्यात अवघड काम, आणि त्याचे पैसेही मिळतात.

पाऊस ओसरला की चंदगडच्या मालकाने मात्र एवढं करावं. गाडी लिफ्टवर चढवून चारही शॉकअपच्या नळ्यांवर तेलाची ओल आहे का ते बघावं, टायर एका कडेला जास्त झिजलाय का त्यावर हात फिरवावा, आणि बॅटरीच्या पेटीचं खालचं पत्र्याचं आवरण कुठे चेपलंय का ते टॉर्च लावून तपासावं. बॉनेट दाबून गाडी किती हलते ते बघायची जुनी रीत या जड गाड्यांवर विशेष काही सांगत नाही.