जड कोठा, जुन्या समजुती

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात किंवा हिमायतबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पा राजकारणावरून पोटावर यायला वेळ लागत नाही. मग एकेक उपाय बाहेर पडतो: कुणाचं एरंडेल, कुणाचं त्रिफळा चूर्ण, कुणाचं तांब्याच्या भांड्यातलं पाणी. हेतू चांगलाच असतो. माहिती मात्र बऱ्याचदा कच्ची.

सगळ्यांत चिवट समजूत अशी, की रोज पोट साफ झालंच पाहिजे, नाहीतर मळातलं विष अंगात भिनतं. प्रत्यक्षात दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा मोठा पल्ला डॉक्टर सर्वसाधारण मानतात. एखादा दिवस कोरडा गेला म्हणजे बद्धकोष्ठ नव्हे. खडा होणं, कुंथावं लागणं, जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, ही लक्षणं महत्त्वाची. विषाची कल्पना एके काळी बड्या डॉक्टरांनाही पटली होती. लंडनचे शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बद्धकोष्ठासाठी रुग्णांची मोठी आतडी कापून काढली! पुढे ती कल्पना मोडीत निघाली, तरी 'डिटॉक्स'च्या पुड्यांवर ती अजून विकली जाते.

मराठवाड्याचा भाकरीवर फार जीव. पोळी सोडून ज्वारीवर आलं की कोठा हलका होतो, असं छातीठोकपणे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू आहेत आणि कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात सुमारे 11. पांढऱ्या तांदळात मात्र तीनच्याही आत. म्हणजे खरी अडचण मैदा आणि पांढऱ्या भाताची. दात गेल्यावर भाकरी, पेरू, कोशिंबीर ताटातून हळूच गळतात आणि मऊ भात, चहा-बिस्किट उरतं, हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात पाण्याबद्दलचे सल्ले मात्र मुबलक. शरीरात पाणी कमी पडलं असेल तर ते वाढवून फायदा होतो. पुरेसं पिणाऱ्याने आणखी चार तांबे रिचवले तरी ते बहुतेक लघवीवाटे जातात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर ते त्रासदायक ठरू शकतं. इसबगोल मात्र पेलाभर पाण्यात कालवूनच घ्यावं. ते कोरडं तोंडात टाकू नये, आणि गिळताना ठसका लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

'वय झालं, व्हायचंच' हे वाक्य सगळ्यांत महागात पडतं, कारण ते म्हटलं की शोध थांबतो. गोळ्यांचा डबा उघडून बघावा: लोह, कॅल्शियम, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अमिट्रिप्टिलीन, रक्तदाबाच्या काही गोळ्या. यांतल्या कुठल्याही औषधाने आतड्यांची चाल मंदावू शकते. थायरॉइड, मधुमेह, पार्किन्सन हेही कारणीभूत असतात. गोळी परस्पर बंद करायची नाही. पण डबा सोबत घेऊन डॉक्टरकडे जायला काय हरकत आहे?

जुलाबाच्या औषधाने आतडी कायमची आळशी होतात, ही भीतीही अशीच. स्टीफन म्युलर-लिसनर आणि सहकाऱ्यांनी 2005 साली बद्धकोष्ठाविषयीच्या समजुती तपासल्या; नेहमीच्या मात्रेतल्या औषधांनी आतडी निकामी होतात याला त्यांना भक्कम आधार सापडला नाही. मात्र सोनामुखीचं चूर्ण 'आयुर्वेदिक आहे' म्हणून वाटेल तितकं घेणंही बरं नव्हे. तेही उत्तेजक रेचकच आहे. भरमसाट जुलाबांनी पोटॅशियम उतरतं, आणि हृदयरोग्यासाठी ते धोक्याचं.

गुडघे दुखू लागले की घरात कमोड येतो. उकिडवं बसल्यावर मलाशयाचा मार्ग जसा सरळ होतो तसा खुर्चीसारखं बसून होत नाही. पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घेतलं तरी पुष्कळ फरक पडतो. ते घसरणारं नसावं, एवढं बघावं. वेळ नाश्त्यानंतरची धरावी, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं.

कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, सोबत पोटदुखी आणि शौचानंतर आराम, याला आपल्याकडे सर्रास 'जुना आमांश' म्हणतात आणि वर्षानुवर्षं मेट्रोनिडाझोल चालू राहतं. पुष्कळदा तो आमांश नसतो, आतड्यांच्या अतिसंवेदनशीलतेचा विकार असतो. त्याचं नाव आयबीएस. 'मनाचे खेळ' म्हणून तो झटकणंही चूक. आतडी आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडलेला असतो, आणि वेदना खरी असते.

मात्र पन्नाशीनंतर हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला, तर आयबीएसचं लेबल लावण्याआधी तपासण्या हव्यात. रक्त पडणं, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी होणं, या गोष्टी 'मूळव्याध असेल' म्हणून टोलवू नयेत. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना अनेक दिवस शौच न होता अचानक पातळ गळू लागलं, तर जुलाब थांबवायची गोळी देऊ नये. आत मळाचा खडा अडकून बाजूने पाणी झिरपत असण्याची शक्यता असते. अशा वेळी घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी दाखवावं. बोटाने केलेल्या साध्या तपासणीत खडा बहुधा लगेच कळतो.