लेखांक ९ : एका खांबावरचा गोल

ड्रॉप किकचे विवेचन पुढील आठवड्यावर टाकावे लागत आहे, कारण चाकण औद्योगिक वसाहतीत पाइप वाकवण्याचे काम करणाऱ्या आळंदीच्या एका वाचकाने गोलपोस्टविषयी जो प्रश्न पाठवला आहे, त्यातच किकच्या नियमांचे मर्म दडलेले आहे. बॉम्बे जिमखान्यावरील रग्बीचे दोन्ही खांब सरळ जमिनीत रोवलेले असताना अमेरिकन फुटबॉलमध्ये आडवा दांडा मागच्या एकाच वाकवलेल्या खांबावर का पेलायचा, आणि सारे वजन पुढे आलेले असूनही तो उलथत कसा नाही, असे या वाचकाने विचारले आहे.

मापांचे म्हणाल तर दोन्ही खेळ सख्खे आहेत : रग्बीत आडवा दांडा ३ मीटरवर व खांबांमधील अंतर ५.६ मीटर, तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, अनुक्रमे १० फूट आणि १८ फूट ६ इंच. मात्र १९३३ पासून एनएफएलचे खांब थेट गोलरेषेवर, ऐन धुमश्चक्रीच्या जागी उभे असल्याने खेळाडू त्यांवर आदळत. म्हणून १९६७ मध्ये माँट्रियलचे जिम ट्रिम्बल व जोएल रॉटमन यांनी घडवलेला एकखांबी गोल स्वीकारला गेला, ज्यात दांडा रेषेवर राहतो आणि खांब मागे सरतो. पुढे १९७४ मध्ये संपूर्ण गोलच १० यार्ड मागे, मैदानाच्या अंतिम रेषेवर गेला; कारण फील्ड गोल, म्हणजे जमिनीवर धरलेला चेंडू लाथेने दांड्यावरून व खांबांमधून धाडून मिळवलेले ३ गुण, इतका सोपा झाला होता की संघ टचडाउनचा, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेण्याचा, हट्टच सोडू लागले होते. त्यामुळे आज ३० यार्डांच्या रेषेवरून खेळ सुरू झाला, तर मागची १० आणि चेंडू मागे फेकण्याची सुमारे ७ यार्ड मिळून किक ४७ यार्डांची होते.

आता वजनाचा प्रश्न. दांडा पुढे असल्याने खांबाच्या बुडावर उलथवणारा जोर येतो; तो बेस प्लेट आणि काँक्रीटमध्ये पुरलेले अँकर बोल्ट पेलतात, ज्यांपैकी मागचे बोल्ट ताणले जातात आणि प्लेटची पुढची कड दाबली जाते. २०१४ पासून दांड्यावरच्या उभ्या काठ्या ३० ऐवजी ३५ फुटी झाल्या, कारण काठीच्या टोकावरून गेलेला चेंडू आत होता की बाहेर, हे पंचांना ठरवणे अवघड जात असे. काठ्यांच्या शेंड्यांना ४ इंच रुंद व ४२ इंच लांब रिबिनी बांधतात, ज्यांवरून किक मारणारा वारा जोखतो.

हे सारे गणित स्थिर वजनाचे आहे, लोंबकळणाऱ्या माणसाचे नव्हे. नोव्हेंबर २०१३ मध्ये अटलांटातील सामन्यात न्यू ऑर्लिन्सच्या जिमी ग्रॅहमने टचडाउनच्या आनंदात उडी मारून चेंडू दांड्यावरून आपटला, तेव्हा गोल कलला आणि तो ओळंब्यात आणेपर्यंत खेळ थांबवावा लागला; पुढच्याच वर्षी ही उडी नियमबाह्य ठरली.