गच्चीवरील बागेची माती

मराठवाड्यातील काळ्या मातीचा कापसाकरिता मोठा लौकिक आहे, व शेतात तो यथार्थही आहे. परंतु हीच माती छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या घराच्या गच्चीवर नेऊन कुंडीत भरली, की तिचे गुणच अवगुण ठरतात. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचा अंश फार. पावसाळ्यात ती फुगते, आतील हवा कोंडते व मुळे कुजतात. उन्हाळ्यात आक्रसून ती कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. वरून पाहणाऱ्याला वाटते, झाडाला पाणी पोचले. आत मुळे मात्र कोरडीच!

शिवाय तिचे वजन. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड ते दोन टन भरते. म्हणजे एक मीटर लांबरुंद व एक फूट खोल वाफा केला, तर गच्चीवर सुमारे पाचशे किलोंचा भार पडला. जुन्या वाड्यात वा चाळीत अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून असे वाफे मुळीच बांधू नयेत. कुंड्याही शक्यतो भिंतीच्या किंवा तुळईच्या माथ्यावर ठेवाव्यात.

यास्तव मिश्रण हलके करणे हाच उपाय होय. चाळलेली माती एक भाग, चांगले कुजलेले खत एक भाग आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग, असे प्रमाण साधारणपणे मानवते. काळ्या मातीऐवजी तांबडी माती मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास काळीतच बारीक मुरूम मिसळावा. कुंडीच्या छिद्रावर खापरीचा एक तुकडा पुरे.

आता खत. ते विकत आणण्यापूर्वी स्वयंपाकघराकडे पाहावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोला तेथील ग्रामस्थांनी विरोध करून गाड्या अडविल्या, तेव्हा या शहरात रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग साचले होते. त्या ढिगांतील पुष्कळसा भाग भाजीची देठे, फळांच्या साली व उष्टे-खरकटे, म्हणजे उद्याची मातीच होती. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून घरच्या टाकाऊ पदार्थांपासून माती घडविण्याचा पुरस्कार केला, तो काही उगीच नव्हे. एकत्र कुटुंबात तर हा माल रोज उदंड! देवघरातील निर्माल्यही त्यात घालावे. हारांचे दोरे तेवढे काढून टाकावेत.

कृती अवघड नाही. भोके पाडलेल्या पिंपात ओल्या कचऱ्याच्या दुप्पट मापाने वाळका पाला थराथराने घालावा व आठवड्यातून एकदा वर-खाली करावा. दुर्गंधी आली तर ओल जास्त झाली, असे समजून पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारे खत तयार होते. ओला कचरा थेट कुंडीत पुरण्याची घाई मात्र करू नये. कुजताना त्याची ऊब मुळांना बाधते व चिलटे माजतात.

राखेविषयी एक सूचना. चुलीची राख झाडांना चांगली, अशी सर्वत्र समजूत आहे. पण येथील मातीत व विंधनविहिरीच्या पाण्यात आधीच चुन्याचा अंश असतो. त्यात राख पडली की जास्वंद-मोगऱ्याची कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, याचे हे लक्षण. अशा वेळी राख बंद करून खत व पावसाचे साठविलेले पाणी द्यावे.

कुंडीतील अन्न पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून वर्षातून एकदा पोटभर खत घालण्यापेक्षा दर पंधरवड्यास मूठ-दोन मुठी घालणे बरे. भाजीपाल्यास निंबोळी पेंडीची चिमूट किंवा दहापट पाण्यात कालवलेले शेणपाणीही मानवते. परंतु वैशाखाच्या ऐन उन्हात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, खत आवरते घ्यावे, मातीवर पालापाचोळ्याचे दोन बोटे आच्छादन घालावे आणि पाणी पहाटे द्यावे. आषाढात माती मोकळी करून नव्या खताची भर घालता येते.