पाणबुड्याचे श्वसनयंत्र : निवड व निगा

पेणची धरमतर खाडी आणि रोह्याकडील कुंडलिकेची खाडी यांचे पाणी खारे व गाळयुक्त आहे. येथून दूरच्या सफरीस निघणाऱ्या शिडाच्या नौकेवर पाणबुड्याचा रेग्युलेटर घेताना दुरुस्तीची सुलभता प्रथम पाहावी. भर समुद्रात कारागीर मिळत नाही.

१९४३ मध्ये कूस्तो व गान्याँ यांनी फ्रान्समध्ये सिद्ध केलेले हे उपकरण आज सिलिंडरमधील सुमारे २०० बार दाबाची हवा दोन टप्प्यांत भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करते. दट्ट्याच्या रचनेत हलते भाग थोडे, म्हणून दुरुस्ती सोपी. परंतु बंदिस्त पडद्याच्या रचनेत गाळ आत शिरत नाही, म्हणून खाडीत तीच श्रेयस्कर.

नौकेवरील सर्व रेग्युलेटर एकाच नमुन्याचे असावेत, म्हणजे सुटे भाग परस्परांस चालतात. वापरानंतर टोपण लावून ते गोड्या पाण्याने धुवावेत आणि निघण्यापूर्वी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावेत.