पोरं घरी काय सांगतात?

बदलापूरहून पहाटेची लोकल धरलेले आईवडील रात्री आठ-नऊला घरी पोचतात. मधल्या वेळात पोरगा क्लासला गेला की नाक्यावर, हे त्यांना कळतं कसं? तरुणांवर घराचा आणि मित्रांचा प्रभाव कसा पडतो, यावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने बदलापूर ते उल्हासनगरच्या या पट्ट्यात आधी हे विचारावं.

होकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी स्वीडनमधली चौदा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं ते पाळतीतून कमी, मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे जास्त, असं त्यात दिसलं. आपल्याकडे पोर बिघडलं की आधी नोकरी करणाऱ्या आईकडे बोट जातं. मला हा अन्याय वाटतो. आई किती तास घरात असते यापेक्षा, ती आल्यावर पोराला बोलावंसं वाटतं का, हे मोजायला हवं.

मित्रांचा जोर खोटा नाही. २००५ साली अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला. शेजारी समवयस्क बसवले की किशोरवयीनांचं धाडस वाढलं, चोवीस आणि त्यापुढच्यांवर फारसा परिणाम झाला नाही. पण 'संगतीनं बिघडला' हे अर्धंच खरं; मुलं आपल्यासारखेच मित्र निवडतातही.

प्रबंधासाठी हे सगळं विचारायला गेलं की खरी अडचण मुलाखतीत येते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात बापाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला मुलगा बापासमोर काय बोलणार? अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत शेजारी म्हणजेच वडिलांचे सहकारी. चाळीतल्या एका खोलीत प्रश्न मुलीला विचारावा आणि उत्तर आईनं द्यावं. बापासमोर गप्प बसणारा मुलगा मित्रांच्या घोळक्यात फुशारकी मारतो.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पॉप्युलेशन कौन्सिलसोबत २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची मोठी पाहणी केली. नाजूक विषयांवर आईवडिलांशी बोलणारे त्यात थोडेच निघाले. म्हणून इथे प्रश्नावली एकांतात भरून घ्यावी, पालकांना वेगळं भेटावं, आणि वर्षभराने त्याच मुलांकडे पुन्हा जावं. मैत्री आधी जुळली की वाईट सवय आधी लागली, याचा उलगडा एका भेटीत होत नाही.